दचकणं स्वस्त, वाट बघणं महाग

(इंदुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इंदूरकराला घाबरवणं तसं अवघडच काम. शेवटचा खेळ सुटला की पाय आपसूक सराफ्याकडे, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजाराकडे, वळतात, आणि मध्यरात्री भुट्ट्याच्या किसाभोवतीच्या त्या झगझगाटात कुठलं भूत तग धरणार? म्हणून कसोटी सोपी ठेवू. सराफा ओलांडूनही जो आपल्यासोबत घराच्या जिन्यापर्यंत येतो, तो भयपट चांगला. गेल्या सात-आठ वर्षांत असे थोडे आले. बाकीचे पार्किंगमध्येच उतरले.

आधी दचकण्याचा हिशेब करू. अचानक मोठा आवाज कानावर आदळला की साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत पापणी मिटू लागते. विचाराला तेवढ्यात सवडच नसते. त्याला भूत लागत नाही, स्वयंपाकघरात स्टीलचं पातेलं पडलं तरी पुरतं. म्हणून दचकवण्याची एक ठरलेली पाककृती झालीय. नायिका बाथरूममधलं आरशाचं कपाट उघडते. पार्श्वसंगीत काढून घेतात. नळाचं थेंब-थेंब गळणं तेवढं उरतं. कपाट बंद होतं, आरशात काही नाही. मग मांजर उडी मारतं, हा खोटा दचका. आपण श्वास सोडतो, खांदे सैल होतात, आणि त्या सैल क्षणी खरा दणका बसतो.

यात बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे सवय. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर त्याला कमी कमी प्रतिसाद देतं. दोन तासांत पंधरा दणके दिले तर शेवटचे दहा फुकट जातात. दुसरं, दणक्याची ताकद आधीच्या शांततेवर ठरते. आपल्याकडे बरेचदा ती शांतता कुणी ठेवतच नाही. दाराला हात लागायच्या आधीच खर्जातला घुमारा सुरू होतो, म्हणजे पाहुणा येण्यापूर्वीच दवंडी. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मनात आधीच भीती असेल, तर तेवढ्याच आवाजाने माणूस जास्त दचकतो. हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे आवाज वाढवण्यापेक्षा भीती वाढवली तर काम जास्त होतं, आणि ते स्वस्तातही पडतं.

मग ती भीती आणायची कुठून? नियमातून. काय केलं तर ते येतं, कशाने अडतं, कधी परत जातं, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं पाहिजे. एकदा कळलं की शांत दृश्यातसुद्धा आपण वाट बघायला लागतो. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. मुंजा पिंपळावर, आणि तिन्हीसांजेला त्याच्याखालून जायचं नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. ‘कुठेही, केव्हाही’ म्हणणाऱ्या भुताला कोण भिणार?

‘तुंबाड’ घ्या. 2018चा सिनेमा, सप्टेंबर 2024मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्याचा नियम एका दमात सांगता येतो. हस्तर हा त्यातला शापित राक्षस, त्याला धान्याची भूक. पिठाची बाहुली त्याच्यापुढे टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. भोवती पिठाचं रिंगण असेल तर आपण सुरक्षित. बस. यानंतर परातीत पीठ मळताना नुसते हात दिसले तरी पोटात गोळा येतो. आणि शेवट बाहेरून आणलेला नाही. जास्त मोहरांच्या लोभाने जास्त बाहुल्या नेल्या, तर जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नियम तोच, लोभाने फक्त गुणाकार केला. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांची माफी मागतो; पण इतकी वर्षं थांबलात ती चूक तुमची.) शिवाय तो पाऊस. सबंध सिनेमाभर कपडे, भिंती, उजेड, सगळं ओलं आहे. कोकणातल्या घराचा तो कुबट वास पडद्यावरून येतो.

‘स्त्री’ तर आपल्याच मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडतो. तिथेही नियम खणखणीत. वर्षातल्या चार रात्री त्या स्त्रीचं भूत येतं; ती, पुरुषांना नेते, कपडे मागे ठेवते. आणि भिंतीवर ‘ओ स्त्री, कल आना’ लिहिलेलं असलं की वाचून परत जाते. भुताला वाचता येतं आणि ते सांगितलेलं ऐकतं, यात विनोदही आहे आणि भीतीही, दोन्ही एकाच ओळीत. 2024च्या 15 ऑगस्टला दुसरा भाग आला. तो तुफान चालला, गाणी गाजली, गर्दीत मजाही आली. पण सरकट्याचा, म्हणजे त्यातल्या मुंडकं नसलेल्या भुताचा, आकार वाढला आणि नियम पातळ झाला. कसा येतो, कशाने थांबतो, हे गरजेप्रमाणे बदलत जातं. मग प्रेक्षक वाट बघत नाही, नुसतं बघतो.

त्याच वर्षीच्या ‘मुंज्या’चंही तेच दुखणं. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, त्यामुळे सुरुवातीचं कोकण, सोडमुंज, पिंपळ हे सगळं आतल्या माणसाने मांडलेलं वाटतं. पण संगणकावर घडवलेलं पात्र एकदा भर उजेडात बडबडायला लागलं की ते खोडकर पोर होतं. न दिसणाऱ्या वस्तूला आपण मनात जो चेहरा देतो, तो कुठल्याही स्टुडिओला जमत नाही.

उलट मराठीतला 2017चा ‘लपाछपी’ पाहा. अर्धी भीती उसाने केली आहे. पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ऊस, त्यामुळे क्षितिज नाही, दिशा नाही. वारा नसतानाही पात सळसळते, आणि ती सळसळ कुठल्या बाजूने आली ते सांगता येत नाही. खर्च काय आला असेल? विशाल फुरियांनी पुढे ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला. पण मूळचा आधी बघा. गुजराती ‘वश’वरून निघालेला ‘शैतान’ हाही बहुतेक एका घरातच घडतो. आपल्या मुलीचं शरीर परक्या माणसाच्या हुकमावर चालतंय आणि आईबाप समोर उभे, एवढ्यावर त्याने प्रेक्षक धरून ठेवला. शेवटच्या अर्ध्या तासात सैल पडला, ते सोडा.

मल्याळम ‘भ्रमयुगम’ 2024चाच. आजच्या काळात कृष्णधवल, पडका वाडा, मोजकी पात्रं, आणि अभिनेता मम्मूटी नुसता बसलेला. इथे मात्र तक्रार सिनेमाबद्दल नाही, आपल्या थिएटरांबद्दल आहे. पडद्यावर कोऱ्या पांढऱ्या उजेडाचं प्रमाण 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) ठरलेलं आहे. दिवा जुना झाला, किंवा थ्रीडीची काच प्रोजेक्टरपुढून काढायची राहिली, की उजेड बराच खाली येतो. मारधाडीच्या सिनेमात ते खपून जातं. पण ज्या सिनेमात काळ्याच्या आत आणखी एक काळं उभं आहे, तिथे नुसती शाई दिसते.

आवाजाचं याहून वाईट. सिनेमाचा आवाज मिसळताना डॉल्बीच्या प्रोसेसरवरची, म्हणजे थिएटरातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरची, 7 ही खूण धरतात. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक तक्रार करतात, मग ऑपरेटर खूण 5वर आणतो आणि तिथेच विसरतो. 4च्या वर प्रत्येक अंकाला सुमारे 3.3 डेसिबल, म्हणजे दोन अंकांत जवळजवळ 7 डेसिबल गेले. दणका तरीही ऐकू येतो. मरते ती कुजबुज, पैंजण, वरच्या मजल्यावरचं पाऊल, कारण ते सगळं एसीच्या घरघरीखाली आणि पॉपकॉर्नच्या पिशवीखाली जातं. मग आपण म्हणतो, ‘सिनेमात नुसते दणके होते.’ ते तसे होतेच असं नाही. आपल्यापर्यंत तेवढेच पोचले. हळू संवाद कळत नसतील तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन सांगा. आणि तिकीट काढताना हॉलच्या लांबीच्या दोन तृतीयांशावरची रांग घ्या, मधली खुर्ची. बाजूच्या भिंतीला चिकटून बसलात तर तिथला स्पीकर कानाशी ओरडतो आणि मागून येणारी चाहूल बाजूलाच ऐकू येते.

मध्यंतराचंही बोलायला हवं. आपले लेखक मध्यंतर धरून लिहितात. भूत पहिल्यांदा पुरतं दिसतं ते बहुधा तिथेच, म्हणजे समोसा खाताना चर्चेला विषय. परदेशी सिनेमात ती जागाच नसते. ‘वेपन्स’मध्ये एकाच वर्गातली सतरा मुलं रात्री 2 वाजून 17 मिनिटांनी घरातून पळत सुटतात, आणि तीच घटना एकेका माणसाच्या बाजूने पुन्हा उलगडते. तिथे मधेच कुठेतरी दिवे लागले की साठवलेली भीती कॉफीच्या रांगेत सांडते. असा सिनेमा घरी बघावा लागला तर टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा, नाहीतर वेताळसुद्धा मालिकेतला सासरा दिसतो. साउंडबारचा नाइट मोडही बंद. तो कुजबुज आणि किंकाळी एका पातळीला आणतो. शेजारी झोपले असतील तर हेडफोन लावा. पण मग खोलीच्या दाराकडे पाठ करून बसू नका.