दाताच्या पोटाखालची तार

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. स्टीलच्या वाटीत पाणी, पाण्यात अर्धी कवळी.]

ही माझ्या आईची जुनी कवळी. गुलाबी ॲक्रिलिक, त्यात दोन दात आणि दोन्ही टोकांना स्टीलची एकेक तार. त्यातली एक आता मोडली आहे. ती मोडली माझ्यामुळे.

आईच्या खालच्या जबड्यातली उजवीकडची एक दाढ आणि तिच्या पुढची उपदाढ गेली, तेव्हा ही कवळी करून घेतली. काही वर्षं छान चालली. गेल्या श्रावणात सैल झाली. भाकरीचा घास चावला की उचलायची. आई म्हणाली, "अगं, पक्कड घे आणि तार जरा दाबून दे." मी दिली दाबून. आठवडाभर घट्ट बसली. मग मागची दाढ ठणकायला लागली, आणि एके दिवशी सकाळी कवळी काढताना तार मुळाशीच तुटून हातात आली.

[दृश्य: सदाशिव पेठेतला जुना वाडा, लाकडी जिना.]

जिना चढतानाच प्लास्टरचा वास येतो. वर दोन खोल्यांत डेंटल लॅब आहे. कोथरूडच्या आमच्या डॉक्टरांची कामं इथेच येतात. इथल्या काकांचं उभं आयुष्य तारा वळण्यात गेलं आहे. त्यांनी मोडका तुकडा भिंगाखाली धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पक्कड लावली होती का हो?"

मला वाटायचं, तार दाताला चिमट्यासारखी आवळून धरते, म्हणून कवळी बसते. काकांनी मान हलवली. "चिमटा नाही. कवळी जागेवर बसली, की तारेनं गप्प राहायचं असतं."

घागरीच्या गळ्यात दोराचा फास कसा बसतो, ते आठवा. वर काठ रुंद, खाली गळा अरुंद. दोर गळ्यात असतो, म्हणून काठावरून निसटत नाही. दाताचंही तसंच आहे. दात मध्ये फुगीर असतो आणि हिरडीकडे निमुळता होत जातो. तारेचं टोक त्या फुगवट्याच्या, म्हणजे दाताच्या पोटाच्या, खाली जाऊन बसतं. कवळी वर उचलली जाऊ लागली, की टोकाला पोट ओलांडायला किंचित फाकावं लागतं. त्या फाकण्याला तार जो विरोध करते, तीच पकड. एरवी ती दाताला नुसती टेकून असते, जोर लावत नाही.

[दृश्य: जवळून. सर्व्हेयरवर ठेवलेलं दातांचं मॉडेल; उभ्या दांडीला लावलेली शिशाची कांडी दाताभोवती फिरते आहे.]

हे पोट डोळ्यांनी नेमकं दिसत नाही. त्यासाठी हे यंत्र. याला सर्व्हेयर म्हणतात. १९१८ साली बोस्टनमध्ये डॉ. फॉर्तुनाती यांनी या कामासाठी पहिल्यांदा असं साधन वापरलं, असं दंतवैद्यकाच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. दांडी कायम उभीच राहते. मॉडेल फिरवायचं, म्हणजे शिसं दाताच्या सगळ्यात फुगीर भागाला घासून रेघ उमटवतं. रेघेच्या वर तार सुखानं सरकते. रेघेच्या खाली जो खोलगट भाग, तो अंडरकट. पकड तिथेच.

आता किती खाली जायचं? दाताला धरणारा भाग, त्यालाही पकडच म्हणतात, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा ओतीव असेल, तर टोकापाशी अंडरकटची खोली फक्त ०.२५ मिलिमीटर. वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली, तर होईल तेवढी! हा धातू ताठ असतो, त्याला याहून जास्त फाकायला लावलं तर तो वाकतो किंवा दाताला ओढतो. वळलेली गोल तार जास्त लवचीक, म्हणून तिला ०.५ मिलिमीटरपर्यंत चालतं. काका मोजपट्टी लावत नाहीत. सर्व्हेयरलाच टोकाशी छोटी चकती असलेला गेज लावतात आणि चकतीची कड दाताला नेमकी कुठे टेकते, तिथे बारीक खूण करतात. मी पकडीनं तार दाबली, तेव्हा हा सगळा हिशेब मोडला. टोक दाताला सतत रेटत राहिलं. शिवाय स्टील वाकवून-वाकवून कडक आणि ठिसूळ होतं, म्हणून ते तुटलं.

[दृश्य: मेणात घडवलेली पकड, तीन भाग बोटानं दाखवले जातात.]

पकड म्हणजे नुसती एक तारही नव्हे. गालाच्या बाजूला लवचीक हात, त्याचं टोक पोटाखाली. जिभेच्या बाजूला ताठ हात, तो पोटाखाली जातच नाही. लवचीक हात पोट ओलांडताना दाताला आत ढकलतो, ताठ हात त्याच क्षणी पलीकडून आधार देतो. हा दुसरा हात नसेल, तर कवळी रोज घालता-काढताना दात थोडा थोडा हलत राहील. दोघे मिळून दाताला अर्ध्याहून जास्त वेढा घालतात, म्हणजे दात त्यांच्यातून निसटत नाही.

आणि तिसरा भाग, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला: रेस्ट, म्हणजे दाताच्या चावायच्या पृष्ठभागावरचा टेकू. त्यासाठी डॉक्टर दाताच्या इनॅमलमध्येच चमच्यासारखा उथळ खळगा करतात. टेकू असला, की चावण्याचा भार दाताच्या मुळाकडे सरळ जातो. नसला, तर प्रत्येक घासाला कवळी हिरडीत रुतत जाते आणि तारा पोटावरून खाली घसरतात. आईच्या जुन्या कवळीला टेकू नव्हताच. घाईत, कमी खर्चात केलेल्या कवळ्यांमध्ये तो बऱ्याचदा गाळला जातो, आणि मला याचा मनापासून राग आहे. काही वर्षांनी त्याची किंमत शेजारचा चांगला दात मोजतो.

शेवटची दाढच नसली, तर काम अजून अवघड. कवळीच्या मागच्या टोकाला टेकायला काही नाही. चावलं की ते हिरडीत दबतं आणि पुढच्या दाताला पहारीसारखं उचकटतं. अमेरिकेतले क्रॅटोचविल यांनी १९६३ साली यावर उपाय मांडला. टेकू दाताच्या पुढच्या कडेला, आणि हिरडीकडून वर येणारी सरळ पट्टी. चावताना पट्टीचं टोक दातापासून दूर सरकतं, त्याला उचकटत नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट बजावली. एकाच बाजूची एवढीशी कवळी सैल असेल, तर झोपेत गिळली जाऊ शकते. तारेचं टोक अन्ननलिकेत अडकतं. म्हणून आईची नवी कवळी खालच्या पुढच्या दातांच्या मागून, जिभेच्या बाजूनं, दुसऱ्या बाजूपर्यंत नेली आहे.

[दृश्य: कोथरूडचा दवाखाना. आई खुर्चीत.]

डॉक्टरांनी नवी कवळी आईच्या हातात दिली. "काकू, दात आवळून बसवायची नाही. दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबा." आईनं दाबली. बारीकसा आवाज आला.

"घट्ट वाटतंय का?"

आईनं जीभ फिरवून पाहिली. "काहीच वाटत नाही हो."

डॉक्टर हसले. "तसंच हवं."

[दृश्य: घर, रात्र. बेसिनमध्ये पाणी भरलं आहे.]

आई आता कवळी काढताना तारेच्या टोकाला नख लावत नाही. दोन्ही बाजूंना मुळाशी धरून सरळ वर उचलते. बेसिनमध्ये आधी पाणी भरून घेते, निसटली तर आपटू नये म्हणून. मऊ ब्रशनं तारांची आतली बाजू घासते. मग तोच ब्रश घेऊन आरशाजवळ वाकते आणि मागच्या दाढेला, जिच्यावर तार बसते तिला, बराच वेळ घासत राहते.