दामाजीपंतांचं बिल कुणी भरलं?

मंडळी, दामाजीपंतांची गोष्ट सोलापूरकरांपुढे सांगायची म्हणजे जरा आगाऊपणाच. मंगळवेढं इथून तासाभराच्या रस्त्यावर. एसटीत शेजारी बसलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. दुष्काळ पडला, बिदरच्या बादशहाचं कोठार पंतांनी रयतेला खुलं केलं, बादशहाने धरून आणायचा हुकूम सोडला, आणि पंत वाटेत असतानाच विठोबा महाराच्या वेषात दरबारात हजर झाला. मोहरांची थैली रिकामी केली, पावती घेतली, निघून गेला. कीर्तनात इथे टाळ्या पडतात, बुक्का लावला जातो आणि आपण घरी येतो.

माझी अडचण तिथे सुरू होते. थैली आली म्हणून प्रकरण मिटलं. नसती आली तर? पंत संत ठरले असते की सरकारी धान्याची अफरातफर केलेला अंमलदार? आपण हा प्रश्न विचारत नाही, कारण विचारायची वेळ येण्याआधीच देव पैसे भरून मोकळा होतो. आज मला त्या पैशाबद्दल बोलायचं आहे. भुकेल्या माणसाला नियम मोडून धान्य दिलं, तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा?

आधी त्या गोष्टीतल्या मुजुमदाराबद्दल दोन शब्द. मुजुमदार म्हणजे हिशेब बघणारा अधिकारी; कोठार उघडल्याचं बादशहाला कळवणारा तो. कीर्तनकार त्याला चुगलखोर करून टाकतात, आवाजही तसाच काढतात. पण त्याने खोटं काय कळवलं? कोठारात धान्य होतं, आता नाही, विक्रीची रक्कम जमा नाही. आजच्या भाषेत त्याने ऑडिट पॅरा काढला. नोकरी म्हणून त्याचं काम तेच होतं. या गोष्टीत नियमाने वागलेला माणूस तो एकटाच आहे आणि म्हणूनच ती गोष्ट अवघड आहे. मुजुमदार दुष्ट असता तर सगळं सोपं झालं असतं.

महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्यात ही कथा विस्ताराने येते. त्यातला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. पंढरपूरचा एक ब्राह्मण पंतांकडे जेवायला बसतो. पान वाढलेलं आहे, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागते. घास उचलवत नाही, कारण घरी पोरं उपाशी आहेत. कोठार उघडायचा विचार तिथून सुरू होतो, धर्मशास्त्राच्या पोथीतून नव्हे. वाढलेल्या पानासमोर रडणारा माणूस पाहिला की नियम काय म्हणतो हे आठवायला थोडा वेळ लागतो. पंतांना तेवढाच वेळ पुरला असावा.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी भूक आणि धर्म यांची गाठ पुष्कळ ठिकाणी घातली आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माच्या भागात विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांचा अवर्षणकाळ. विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरतो, टांगलेली कुत्र्याची तंगडी चोरायला. चांडाळ जागा होतो. आणि पुढे काय होतं पाहा: धर्म सांगतो तो चांडाळ. चोरी, तीही अभक्ष्याची, तुमच्यासारख्या ऋषीने? विश्वामित्र वाद घालतो की जगलो तर धर्म करता येईल, आधी जगू दे. वाद चांगला रंगतो आणि मला तरी त्यात चांडाळ कुठे कमी पडलेला दिसत नाही. पण निकाल लागत नाही. विश्वामित्र मांस शिजवतो, आधी देवांना भाग देतो आणि तेवढ्यात इंद्र पाऊस पाडतो. झालं! इथेही वरूनच मिटवामिटवी.

याच्या उलट छांदोग्य उपनिषदातला उषस्ती. त्याच्या कथेत ना थैली येते ना पाऊस. गारपिटीने कुरू देशाची पिकं गेलेली. हत्ती बाळगणाऱ्याच्या गावात उषस्ती बायकोसह राहतो. तो हत्तीवाला कुळीथ की उडीद असं काही भरड खात बसलेला. उषस्ती त्याच्या पुढ्यातलं मागून घेतो, उष्टं. खाऊन झाल्यावर हत्तीवाला म्हणतो, पाणीही घ्या. तर हा नको म्हणतो, ते उष्टं आहे. मग आत्ता खाल्लंत ते उष्टं नव्हतं का? उषस्ती सांगतो की ते खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मला कुठेही मिळेल. केवढा मोकळा माणूस! नियम किती मोडायचा, कुठे थांबायचं, हे त्याचं त्याने ठरवलं, आणि जबाबदारीही स्वतःवर घेतली. उरलेले दाणे त्याने बायकोला नेऊन दिले, तर तिला आधीच भिक्षा मिळाली होती. तिने ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवले. कुठल्याही ऋषीच्या घरातली इतकी घरगुती गोष्ट मी वाचलेली नाही.

पण उषस्ती आणि विश्वामित्र दोघेही स्वतःच्या पोटासाठी झगडत होते. दामाजीपंतांचं पोट भरलेलं होतं. दुसऱ्याच्या भुकेसाठी तिसऱ्याचं धान्य देणं हा वेगळाच पेच आहे. आणि त्यात मंगळवेढ्याचाच आणखी एक धागा अडकलेला आहे, तो आपण सहसा वेगळा ठेवतो.

चोखोबा मंगळवेढ्याचे. पंतांच्या आधीचे. १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली, देवळाच्या बाहेर. आता एकाच गावच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीत देव महार होऊन बादशहाच्या दरबारात थेट शिरतो, दुसरीत महार भक्त देवाच्या दारात बाहेरच राहतो. बिदरहून पावती घेऊन आलेला तो विठू महार त्याच वेषात पंढरपूरला परतला असता, तर त्याला स्वतःच्याच देवळात कुणी घेतलं नसतं. त्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहावं लागलं. बिल भरायला महाराचा वेष चालला, दर्शनाला चालला नाही. कीर्तनात हेही यायला हवं, असं मला वाटतं.

असो. आता देव येत नाही असा काळ बघू. सर रिचर्ड टेंपल हे नाव सोलापूरच्या माणसाने लक्षात ठेवावं. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा टेंपल बंगालचा कारभार पाहत होता. त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, धान्य वाटलं. माणसं फारशी मेलीच नाहीत. हा साहेबांचा दामाजीपंत! पण थैली घेऊन कुणी आलं नाही. खर्च केवढा केला म्हणून त्याच्यावर ताशेरे ओढले गेले, उधळ्या म्हणून नाव झालं. दोन-तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रासमध्ये दुष्काळ पडला, आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. व्हाइसरॉय लिटनने काटकसरीवर लक्ष ठेवायला पाठवलं ते याच टेंपलला. आणि त्याने मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, वर थोडीशी चिल्लर. त्यावर माणसाने दिवसभर माती उपसायची. १८७७ साली तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नरही झाला.

एकाच माणसात दामाजी आणि मुजुमदार दोन्ही निघाले, तेही तीन वर्षांच्या आत. मला टेंपलचा राग येतो, पण त्याहून जास्त त्याची भीती वाटते, कारण तो आपल्यासारखा आहे. पहिल्यांदा माणुसकीने वागला, बोलणी खाल्ली, दुसऱ्यांदा शहाणा झाला. सरकारी कचेरीत असे शहाणे झालेले लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत.

इलाख्यातल्या मजुरांनी तो शिधा मुकाट्याने घेतला नाही. उपाशी असूनही त्यांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज लावले. पण त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसं दगावली. बिल कुणी भरलं, ते सांगायला नको.

पुढे फॅमिन कोड आला, १८९६ ला टिळकांनी शेतकऱ्यांना त्यातले हक्क समजावून सांगितले, हा इतिहास शाळेत झालेला आहे. मला यायचं आहे ते बहात्तरच्या दुष्काळावर. इथे बसलेल्या कित्येकांनी तो पाहिलाय. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, टिकाव, घमेलं, मस्टरवर हजेरी घेणारा मुकादम, बरास मोजताना होणारी भांडणं. बायका डोक्यावर पदर ओढून रस्त्याकडेला खडी फोडत बसलेल्या. उडालेली कपची डोळ्यात जायची म्हणून मान तिरकी करून हातोडी मारायची, ही लकब त्यांना लागली ती पुढे वर्षानुवर्षं गेली नाही. मे १९७३ च्या सुमाराला महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती.

त्यातून रोजगार हमी कायदा झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कल्पना आधीच मांडली होती, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. दान म्हणून नाही, हक्क म्हणून. आणि पैसा? तुमच्यातले नोकरदार घरी गेल्यावर पगाराची स्लिप काढून बघा. ‘व्यवसाय कर’ असा एक कपातीचा रकाना असतो, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर १९७५ साली आला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी, आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची. विठू महाराची थैली महाराष्ट्राने हप्त्यांत बांधून घेतली, असं मी म्हणेन. पुढे केंद्राचा कायदा आला, बराचसा खर्च तिकडे गेला. कपात मात्र चालूच आहे. पगारदार दर महिन्याला ती बघून कपाळाला आठ्या घालतात. ती कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना माहीत असतं आणि सांगायची तसदी कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता शेवटचं, आणि हे तुमच्या पूर्व भागातलं. वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, नखाने तोंड दुमडायचं. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत होतात. ती रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवते, मशीन नाही म्हणतं. पुसून ठेवते, तरी नाही. दुसरं बोट, तरी नाही. मागे रांग कुरकुरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दर माणशी पाच किलो धान्य तिचा हक्क आहे, पोतं समोर दिसतंय, दुकानदार तिला वीस वर्षं नावाने ओळखतो.

या क्षणी कोठार त्याच्या हातात आहे. अंगठ्याशिवाय दिलं तर संध्याकाळी त्याचा साठा मशीनच्या हिशेबाला जुळत नाही आणि मुजुमदार आता माणूस नाही, त्याच्यापुढे रडताही येत नाही. न दिलं तर नियमाने तो स्वच्छ. खरं म्हणजे तेवढाही नाही. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारायचं नाही, ओळख पटवून वहीत नोंद करून द्यायचं, असं केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना लेखी कळवलेलं आहे. म्हणजे यावेळी दामाजीपंतांच्या हातात पावती आधीच दिलेली आहे. तरीही बाई रिकाम्या पिशवीने परतते.

ते पत्र दुकानदारापर्यंत पोचलं आहे का, आणि पोचलं असेल तर वहीत चार ओळी लिहायची त्याला धास्ती का वाटते, याचं उत्तर माझ्याकडच्या पोथ्यांत नाही. सभागृहात पुरवठा खात्यातलं कुणी आलेलं असेल, किंवा एखादे रेशन दुकानदार असतील, तर प्रश्नोत्तरांत पहिल्यांदा त्यांनी बोलावं. माइक तिकडे मागे द्या.