कुर्डीची मोगू

नमस्कार श्रोतेहो. मे महिना. अंगणात आमसुलं वाळत असतील, पाऊस यायच्या आत कामं उरकायची घाई असेल. हात चालू द्या, कान फक्त इकडे असू द्या.

दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचा गाव होता. होता म्हणतो, कारण साळावलीच्या धरणात तो बुडाला. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात, आणि गावची माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. त्या कुर्डीत १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे आपल्या किशोरीताई आमोणकरांच्या आई.

लेकीनं मोठं गाणं गावं, हा मोगूच्या आईचा, जयश्रीबाईंचा ध्यास. १९१४ साली आई गेली. मोगू तेव्हा दहा वर्षांची. पुढे नाटक कंपन्या. त्यातली सातारकर स्त्री संगीत मंडळी सगळी बायकांची, पुरुषांची कामंही बायकाच करीत. बालगंधर्वांच्या शालूचं कौतुक आपण अजून करतो, पण या फेटा बांधून उभ्या राहिलेल्या बायकांची आठवण कोण काढतं? असो.

मला सांगायचीय ती सांगलीची गोष्ट. आमच्या घरी मी ती सुरू केली की माणसं उठून जातात. तुम्ही बसा.

मोगू आजारी पडली म्हणून मावशी तिला औषधाला सांगलीला घेऊन गेली. वय पंधराच्या आसपास. कंपनी सुटलेली, आई नाही, पण रियाज चालू. बरं का, रियाज चालू! त्या वाटेनं एक वयस्क गृहस्थ जात. डोक्याला फेटा, भरघोस मिशा. पोरीचा आवाज कानावर पडला की थांबत. एक दिवस सरळ घरात येऊन बसले, ऐकलं आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा ऐकलं. हे कोण, मोगूला ठाऊक नाही. आणि एके दिवशी तेच म्हणाले, मी तुला शिकवतो.

कोण होते ते? अल्लादियाखाँ! गाण्यातलं जयपूर घराणं ज्यांनी उभं केलं ते अल्लादियाखाँ. ज्यांच्याकडे शिकायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, ते स्वतः चालत दारात आले, आणि पोरीला नावही माहीत नव्हतं!

हल्ली मुलं खोली बंद करून, कानात बोंडं घालून रियाज करतात. शेजाऱ्यांचा मिक्सर चालतो, गाणं चालत नाही. माझं मत विचाराल तर रियाज पडवीत बसून करावा. रस्त्यानं कोण जात असेल, काय सांगावं?

दीडएक वर्षानं खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही पाठोपाठ गेल्या. गंडा, म्हणजे गुरूनं रीतसर शिष्य केल्याचा धागा, बांधला गेला तो मात्र १९३४ साली. मधली वर्षं फार ओढाताणीची, ती पुढच्या खेपेला, कारण काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दिसतोय. आमसुलं आत घ्या, ढग आलेत.