कुस्ती नव्हे, करमणूक

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती खरी की नुरा, यावरून आपल्याकडे घराघरांत वाद झाले. पण खुद्द कंपनीने त्याचं उत्तर १९८९ सालीच देऊन टाकलं होतं, आणि तेही सरकारदरबारी. न्यू जर्सी राज्यात वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), सांगितलं, की आमचा कार्यक्रम म्हणजे स्पर्धा नाही, करमणूक आहे. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं गुपित असं उघड का केलं? कारण खेळ म्हटला की राज्याचा परवाना आला, लढतीआधी पैलवानांची वैद्यकीय तपासणी आली, टीव्हीच्या उत्पन्नावर कर आला. करमणूक म्हटली की ही सगळी बंधनं गळून पडतात. या कंपनीचा स्वभाव मला या एका कबुलीत दिसतो.

तिची मुळं १९५३ सालच्या कॅपिटॉल रेसलिंग कॉर्पोरेशनमध्ये आहेत. धंदा मॅकमॅहन घराण्याचा. त्या काळी आयोजकांनी अमेरिका आपापसांत वाटून घेतली होती. एकाने दुसऱ्याच्या मुलखात खेळ लावायचा नाही. ईशान्येचा पट्टा मॅकमॅहन यांचा आणि न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे त्यांचं मुख्य ठाणं. तिथेच १७ मे १९६३ रोजी इटलीत जन्मलेल्या ब्रुनो सामार्टिनोने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढे साडेसात वर्षांहून अधिक काळ अजिंक्यपद राखलं. शहरातले इटालियन लोक आपला माणूस जिंकताना पाहायला तिकिटं काढत, आणि त्या तिकिटांवरच धंदा चाले.

१९८२ मध्ये धाकट्या व्हिन्स मॅकमॅहनने वडील आणि त्यांच्या भागीदारांकडून कंपनी विकत घेतली आणि वडिलांनी पाळलेल्या हद्दी मोडल्या. केबल टीव्ही देशभर पसरत होता. दुसऱ्याच्या मुलखात आपला कार्यक्रम दाखवायचा आणि तिथले नावाजलेले पैलवान उचलायचे, असा त्याचा डाव होता. हल्क होगन असाच आला. ३१ मार्च १९८५ ला पहिलं रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा सर्वांत मोठा सोहळा, झालं. ते ठिकठिकाणच्या सभागृहांत मोठ्या पडद्यावर, तिकीट लावून दाखवलं. प्रादेशिक कंपन्या एकामागोमाग बंद पडल्या. टीव्ही वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीने नव्वदच्या दशकात जबर टक्कर दिली, पण २००१ मध्ये तीही मॅकमॅहननेच विकत घेतली.

यात पैलवानाचं काय झालं? पूर्वी एका आयोजकाशी बिनसलं तर तो दुसऱ्या मुलखात जाई. त्यानंतर जायचं कुठे? मोठा मालक एकच उरला. शिवाय पैलवान कंपनीचे नोकर नाहीत, कागदावर ते स्वतंत्र कंत्राटदार. १९८६ मध्ये पैलवानकीतून आलेल्या जेसी व्हेंचुराने संघटना बांधायचा प्रयत्न केला, तो उभाच राहू शकला नाही. हाच व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. ओवेन हार्ट या पैलवानाची आठवण तर मला आजही अस्वस्थ करते. मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. बंध सुटला, तो खाली कोसळला आणि गेला. त्या रात्रीचा कार्यक्रम मात्र थांबला नाही, पुढच्या लढती झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाबरोबरच्या आद्याक्षरांच्या खटल्यामुळे २००२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झालं. २०२३ मध्ये ती यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीबरोबर टीकेओ या नव्या कंपनीत गेली. जानेवारी २०२५ पासून तिचा सोमवारचा कार्यक्रम ‘रॉ’ अमेरिकेत नेटफ्लिक्सवर दिसतो आहे. करार दहा वर्षांचा आणि पाच अब्ज डॉलरचा. निकाल आधी ठरला असला तरी पाठीवर पडणं खरंच असतं, गुडघे खरेच निकामी होतात. एवढ्या मोठ्या रकमेत त्या माणसांना नोकरीचे हक्क आणि स्वतःची संघटना मिळायलाच हवी.

नमस्कार.