खुरसापुढचा एक ग्लास

मंडळी, ख्रिस्ती लोक आणि दारू हा विषय गोव्यात, फोंड्यात मांडणार म्हटल्यावर एका मित्राने विचारलं, "त्यांच्यात चालतंच की, मग बोलायचं काय?" 'त्यांच्यात चालतं' हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. हे बोलणं अर्धवट आहे, आणि आपल्याच शेजाऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

थोडी गफलत भाषेमुळेही होते. मराठी बायबलात शब्द येतो 'द्राक्षारस'. तो वाचला की आपल्याला ज्यूस आठवतो. त्यातल्या नव्या करारात मूळ ग्रीक शब्द 'ओइनोस', म्हणजे आंबवलेली, चढणारी वाइन. काना गावच्या लग्नात येशूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याची वाइन केली. रांजणांचं माप धरलं तर ती पाचशे लिटरच्या आसपास जाते. बायबलातल्याच एका स्तोत्रात वाइन मन आनंदित करते, नीतिसूत्रे या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तीच शेवटी सापासारखी डसते. येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रांत तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडी घे म्हणतो आणि इफिस गावच्या ख्रिस्ती मंडळींना झिंगू नका म्हणून बजावतो.

कॅथलिक चर्चने ही दोन्ही बोलणी सांभाळली. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, द्राक्षांचीच खरी वाइन लागते; आणि दारू पिऊन गाडी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं ही त्यांच्या धर्मशिकवणीत गंभीर चूक आहे. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने निराळी वाट धरली, वाइनऐवजी रस. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवला, तो प्रभुभोजनासाठीच, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीसाठी. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचे 'सैनिक', म्हणजे सभासद, तर थेंबही घेत नाहीत.

आता आपल्या वाड्यावर, गावातल्या वस्तीत या. मे महिन्यात खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन असतं, सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. मेणबत्त्या, व्हायोलिन, लॅटिन आणि कोंकणी गाणी. ते संपलं की उकडलेले चणे येतात, आणि ट्रेमध्ये छोटे ग्लास, काजूची फेणी. मला त्यातलं आवडतं ते हे, की सगळे उभे असतात, पोरंटोरं, म्हातारे, समोर खुरीस. ट्रे फिरते, माणूस एक ग्लास उचलतो, "देव बरें करूं" म्हणतो आणि घरी जातो. बाटली घेऊन बसायला तिथे जागाच नाही. एकट्याने पिण्याला आणि या पिण्याला एकच शब्द वापरणं मला चुकीचं वाटतं.

आमच्या शेजारच्या घरात थोरल्याला दारूचं व्यसन होतं. रात्री अकराला त्याची बायको आमचं दार वाजवायची, त्याला शोधायला माझे वडील बॅटरी घेऊन निघायचे. अशी कितीतरी वर्षं. मग त्याने सोडली. त्या मे महिन्यात लदीन झालं, चणे आले, आणि मागून त्याची आई स्वतः ट्रे घेऊन आली. ग्लासांत लाल कोकम सरबत. तिने काही सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. तिथले जुने पिणारेही तो ग्लास उचलून "देव बरें करूं" म्हणाले.

पुढे पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात मला ते वाक्य सापडलं: आपल्या पिण्याने भावाला ठेच लागत असेल तर न पिणंच बरं. पौलाने तिथे दारूला पाप ठरवलेलं नाही. किती घ्यावी याचं मापही दिलेलं नाही. शेजारी कोण उभा आहे ते बघ, एवढंच सांगितलंय. त्या माउलीने हे पत्र वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

त्या खुरसापुढे अजून सरबतच फिरतं. चार घरं पलीकडे फेणी असते. मी दोन्हीकडे जातो.