डाळमिल अडते कुठे?

(लातूर भागातील डाळमिल चालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमची मिल दिवसाला किती क्विंटल काढते, असं विचारलं की बहुतेक जण रोलचा, म्हणजे टरफल घासून काढणाऱ्या यंत्राचा, आकडा सांगतात. तो रोलचा आकडा झाला, मिलचा नाही. मिल चालते ती तिच्यातल्या सगळ्यात सावकाश जागेच्या वेगानं. आपल्याकडे ती जागा बहुधा रोल नसते, वाळवणाचं अंगण असतं.

एक मिल समजा, पाळी दहा तासांची. सफाईची चाळणी तासाला 25 क्विंटल तूर घेते, म्हणजे दिवसाला 250. रोल सगळे फेरे धरून तासाला 15, म्हणजे 150. ग्रेडिंग-पॅकिंग दिवसाला 200 क्विंटल तुरीचा माल उचलतं. अंगणात एका वेळी 300 क्विंटल पसरते आणि वाळायला तीन दिवस लागतात, म्हणजे रोज निघणार 100. मिलची क्षमता 100. मालकानं कर्ज काढून दुसरा रोल बसवला तर रोल 300 ला जाईल, मिल 100 वरच राहील. वाढेल तो बँकेचा हप्ता.

मग अंगणातून माल लवकर उचलावा का? इथंच खरी गोम आहे. तुरीचं टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. पहिल्या फेऱ्यात रोल टरफलावर नुसते ओरखडे पाडतो. मग क्विंटलला साधारण 200 ते 500 ग्रॅम तेल चोळून माल मुरत ठेवायचा, की ते ओरखड्यांतून आत शिरतं आणि ऊन लागलं की टरफल सुटं होतं. अर्धवट वाळलेला माल रोलवर घेतला तर टरफल निघत नाही. मिस्त्री रोल आवळतो, डाळीच्या कडा घासल्या जातात, आणि फटका (अख्खी, स्वच्छ डाळ) कमी होऊन खंडा (तुकडा), पावडर, चुनी (गुरांच्या खाद्यात जाणारा चुरा) वाढते. अंगणात वाचवलेला एक दिवस रोलवर असा वसूल होतो.

त्याची किंमत काढू. तुरीत डाळीचा अंश 85 टक्क्यांच्या आसपास असतो, मिलमध्ये हाती लागते 70 ते 75 टक्के; यालाच उतारा म्हणतात. रोज 100 क्विंटल भरडणाऱ्या मिलचा उतारा एक टक्क्यानं वाढला, तर रोज एक क्विंटल माल चुनीत जायचा तो डाळीत येतो. डाळ 11,000 आणि चुनी 2,500 रुपये धरली, तर दिवसाला 8,500 आणि 25 दिवसांच्या महिन्याला 2,12,500 रुपये. मोंढ्यात (धान्यबाजारात) क्विंटलमागे वीस रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्यानं हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

तेव्हा अंगण जपायचं. ते रिकामं राहता कामा नये: उद्या पसरायचा माल आज संध्याकाळी तेल लावून तयार हवा. खडा, काडी आणि बारीक दाणा अंगणात जाण्याआधीच काढायचा. नको तो माल वाळवण्यात जागा आणि ऊन दोन्ही वाया जातात. बदनापूरच्या बीडीएन 711 ची पांढरी तूर आणि बीडीएन 716 ची लाल तूर एकत्र पसरू नका, त्यांचे लॉट वेगळे चालवा. थर पातळ ठेवून माल वरचेवर उलटा. संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकली की दिवसाची ऊब आत राहते.

बॉटलनेक, म्हणजे ही सगळ्यात सावकाश जागा, बारा महिने एकच राहत नाही. मे महिन्यात दोन दिवसांत माल वाळला तर अंगण 150 वर जातं, रोलच्या बरोबरीनं. पावसाळ्यात पाच दिवस लागले तर 60. त्यामुळे ड्रायर घ्यायचा की नाही, हा निर्णय मेच्या आकड्यावर नको, ऑगस्टच्या आकड्यावर घ्या.

आता साठा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये एक साधा नियम सिद्ध केला: आत असलेला माल म्हणजे रोज बाहेर पडणारा माल गुणिले आत राहण्याचे दिवस. मिलमध्ये 1,500 क्विंटल माल फिरतोय आणि रोज 100 निपटतोय, तर प्रत्येक दाणा सरासरी 15 दिवस आत आहे. तूर 7,000 रुपयांची धरली तर 1 कोटी 5 लाख अडकले, 12 टक्क्यांनी व्याज महिन्याला 1 लाख 5 हजार. तोच माल 900 क्विंटलवर आणला तर 42 लाख मोकळे होतात आणि रोजचं उत्पादन तसूभर कमी होत नाही. मात्र अंगणातले 300 आणि त्याच्यापुढे तयार ठेवलेला एक दिवसाचा माल यांना हात लावू नका. कमी करायचं ते रोलनंतरच्या ढिगातून आणि तयार पोत्यांतून.

जानेवारी ते मार्चच्या आवकेत भरून ठेवलेली तूर या हिशेबात धरू नका. ती भावावरची खेळी आहे, तिचा नफा-तोटा वेगळ्या वहीत. आणि ती खेळीही अमर्याद नाही: 2023 आणि 2024 मध्ये केंद्रानं तुरीवर साठामर्यादा लावलीच होती.

तुरीवरून हरभऱ्यावर जाताना चाळण्या बदलणं, एलिव्हेटरचे खड्डे साफ करणं, रोल लावणं यात तीन तास जातात, म्हणून लोक आठ-आठ दिवस एकच माल चालवतात. पण अंगण 100 देत असेल तर 150 च्या रोलला दिवसाला 6 तास 40 मिनिटांचंच काम आहे. उरलेल्या 3 तास 20 मिनिटांत बदली बसते, उत्पादन घटत नाही. मेमध्ये रोलच अडत असेल तेव्हा मात्र हेच तीन तास म्हणजे 45 क्विंटल. तेव्हा पुढच्या मालाच्या चाळण्या मशीन चालू असतानाच झाडून शेजारी तयार ठेवा.

पोत्यांचं थोडक्यात सांगतो. उतारा 72 टक्के, पोतं 30 किलोचं, म्हणजे रोज 240 पोती. पुरवठा यायला सात दिवस लागतात, 1,680. वर तीन दिवसांची पुंजी, 720. गोदामात 2,400 पोती उरली की ऑर्डर टाका, मुनिमाला आठवेल तेव्हा नाही. बेअरिंग आणि पट्ट्याला हे गणित लावू नका. ते कधीतरीच जातात, पण गेले की मिल थांबते. एक जोड कपाटात हवीच.

शेवटचा प्रश्न आला आहे, सॉर्टेक्स (डागी दाणा रंगावरून ओळखून हवेच्या फुंकरीनं बाहेर काढणारं मशीन) घ्यावं का. सॉर्टेक्सनं क्विंटल वाढत नाहीत, क्विंटलचा भाव वाढतो. तुमचा गिऱ्हाईक डागी दाण्यासाठी प्रत्यक्षात किती कापतो, ते तीन महिन्यांच्या हिशेबपट्ट्यांवरून काढा आणि हप्त्याशी ताडून बघा. घ्यायचंच ठरलं तर कंप्रेसरसोबत एअर ड्रायरचा खर्च धरा. पावसाळ्यात हवेतलं पाणी नोझलपर्यंत गेलं की डाग राहतो आणि चांगली डाळ बाहेर फेकली जाते.