डोळ्यात तेल घालून

[दृश्य: संगणकापुढे बसलेल्या एका स्त्रीचा डोळा, पडदाभर. बुबुळावर स्क्रीनचा पांढरा चौकोन उमटलेला.]

तिच्यापुढे हिशेबाचा तक्ता उघडा आहे. चूक नेमकी कुठल्या रकान्यात आहे, ते सापडत नाहीये. तुम्ही तक्त्याकडे नको, डोळ्याकडे बघा. थोडा वेळ मीही गप्प बसतो.

[दहा सेकंद निवेदन नाही.]

एवढ्या वेळात पापणी एकदाही लवली नाही. आता लवली. पण कशी लवली, ते पुन्हा एकदा सावकाश पाहू.

[तेच दृश्य, संथ गतीत.]

वरची पापणी खाली आली, बुबुळाच्या मध्यावर पोचली आणि तिथूनच माघारी फिरली. खालच्या पापणीला ती टेकलीच नाही. बुबुळाचा खालचा पट्टा आधी उघडा होता, आत्ताही उघडाच राहिला. तिला विचारलंत तर ती म्हणेल, डोळे मिटले की मी! पापणी अर्धवट लवलेली ज्याची त्याला कळत नाही.

दिवस कलला की मात्र कळतं. डोळे चुरचुरतात, जड होतात, वाळूचा कण गेल्यासारखं काहीतरी खुपत राहतं. या दुखण्याला कोरडे डोळे म्हणतात. अक्षरं मधूनच पुसट होतात आणि डोळे मिटून उघडले की क्षणभर लख्ख दिसतात. ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे येणारा पुसटपणा सहसा असा डोळे मिचकावून जात नाही.

सगळ्यांचा पहिला संशय स्क्रीनच्या उजेडावर जातो. म्हणूनच निळा प्रकाश अडवणारे चष्मे एवढे खपतात. या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये घेतला. डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असं, निदान थोड्या काळाच्या वापरात तरी, त्यात दिसलं नाही. संशयित चुकीचा पकडला होता.

खरी गोम ३० वर्षांपूर्वीच एका साध्या मोजणीत सापडली होती. काझुओ त्सुबोता आणि कात्सू नाकामोरी या जपानी डॉक्टरांनी कार्यालयात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्या किती वेळा लवतात, ते मोजलं. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा. पुस्तक वाचताना १०. स्क्रीनवरचा मजकूर वाचताना ७. १९९३ मध्ये हे आकडे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले.

यातला मधला आकडा मला जास्त बोलका वाटतो. पुस्तकातून उजेड येत नाही, तरीही वाचताना पापण्या निम्म्याहून कमी लवल्या. म्हणजे पापणी थांबवते ती आपली एकाग्रता. मेंदू मजकुरात गुंतला की दर काही सेकंदांनी नजरेवर पडदा टाकायचं काम तो लांबणीवर टाकतो. मग स्क्रीनमध्ये वेगळं काय? पुस्तक आपण खाली धरतो, नजर उतरलेली असते, वरच्या पापणीने निम्मा डोळा झाकलेलाच असतो. स्क्रीन समोर असते, कधी कपाळाच्या पातळीला. डोळा टक्क उघडा राहतो आणि हवेला जास्त पृष्ठभाग मोकळा मिळतो.

[दृश्य: डोळ्याच्या पृष्ठभागाचं रेखाटन. अश्रूंचा थर हळूहळू मोठा होत जातो.]

या पृष्ठभागावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. रडताना गालावर ओघळतात ते अश्रू वेगळे. हा थर जेमतेम ३ मायक्रोमीटर जाड असतो. आपला केस याच्या वीसपट तरी जाड भरेल. एवढ्याशा जाडीत बरंच काही कोंबलेलं आहे. बुबुळाला लागून म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं. त्यावर पाणी, त्यात क्षार, प्रथिनं आणि जंतूंना मारणारं लायसोझाइम. हे लायसोझाइम शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंगच, पेनिसिलिनच्याही आधी, १९२२ मध्ये. आणि सगळ्यात वर तेल. हे तेल नसेल तर खालचं पाणी बघता बघता उडून जातं.

तेल येतं कुठून? आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढून बघा. केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला, कडेवर बारीक ठिपक्यांची ओळ दिसेल. ती तेलग्रंथींची तोंडं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी.

दोन्ही पापण्या एकमेकींना पूर्ण टेकतात, तेव्हा त्या दाबाने या ग्रंथींतून थोडं तेल बाहेर येतं आणि उघडणारी पापणी ते बुबुळभर पसरवते. आता मघाचा डोळा आठवा. पापणी निम्म्यावरून परत फिरली, म्हणजे दाब पडला नाही. तेल ग्रंथीतच राहिलं. असं महिनोन् महिने चाललं की ते मेणासारखं घट्ट होतं आणि तोंडं बुजतात. वर तेल कमी म्हणून पाणी उडतं, क्षार मागे राहतात, उरलेला अश्रू जास्त खारट होतो. हा खारटपणा पृष्ठभागाच्या पेशींना झोंबतो, तिथे दाह सुरू होतो, आणि दाहाने म्युसिन बनवणाऱ्या पेशीच मरू लागतात. मग थर आणखी लवकर फाटतो. ओसाकातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या अश्रूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्क्रीनपुढे जास्त तास घालवणाऱ्यांच्या अश्रूंत म्युसिनचा एक प्रकार कमी आढळला होता.

[दृश्य: तपासणीची अंधारी खोली. रुग्णाची हनुवटी यंत्रावर टेकवलेली.]

"माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, डॉक्टर. कोरडे कसे असतील?"

हा प्रश्न नेत्रतज्ज्ञांना रोजचाच. पृष्ठभागावर कोरडा ठिपका पडला की तिथल्या मज्जातंतू बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. त्या लोंढ्यात तेल आणि म्युसिन यांचं प्रमाण जुळलेलं नसतं. तो टिकत नाही, गालावरून वाहून जातो. पाच मिनिटांत डोळा पुन्हा होता तसाच.

डॉक्टर आता फ्लोरेसिन या नारिंगी रंगाची ओली पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवतात आणि यंत्राचा दिवा निळा करतात.

[दृश्य: निळ्या उजेडात हिरवं चमकणारं बुबुळ.]

एकदा डोळे मिटा. उघडा. आता मिटू नका. हिरवा थर सगळीकडे एकसारखा आहे. दोन... तीन... चार... खालच्या भागात, तिरकस, एक काळी रेघ. तिच्या शेजारी दुसरी. जिथे काळं दिसतंय तिथे अश्रूंचा थर फाटलाय. दहा सेकंदांच्या आत हे घडलं तर थर अस्थिर आहे असं धरतात. इथे तर चारच सेकंद झालेत, आणि कामात गढलेला माणूस त्याच्या दुप्पट वेळ पापणी न लववता सहज बसतो.

दुसरी तपासणी शिर्मर या जर्मन डॉक्टरची, १९०३ सालची. ५ मिलिमीटर रुंद टिपकागदाची पट्टी पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचं. स्क्रीनवर काम करणाऱ्या अनेकांची पट्टी व्यवस्थित भिजते. पाणी भरपूर आहे, टिकत नाहीये. काही ठिकाणी पापणी उलटून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तेलग्रंथींचं चित्रही घेतात. निरोगी ग्रंथी समांतर उभ्या रेघांसारख्या दिसतात. जिथे रेघाच गायब झाल्यात, तिथल्या ग्रंथी पुन्हा उगवतील याची फारशी आशा नसते. म्हणून हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढू नये.

अर्थात प्रत्येक कोरड्या डोळ्याचं खापर स्क्रीनवर फोडता येणार नाही. वाढतं वय, रजोनिवृत्ती, चष्मा घालवण्याची लेसिक शस्त्रक्रिया, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन, ही सगळी कारणं आहेतच. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन या आजाराची तपासणी करावी लागते.

[दृश्य: कामाचं टेबल. कुणीतरी स्क्रीन खाली सरकवतंय.]

उपायांत पहिला मान टेबलाचा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा तिच्या जरा खाली आणा, म्हणजे नजर आपोआप उतरेल. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर खुर्ची हलवा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो सोपा आहे, लक्षात राहतो, पण जवळचं बघून शिणलेल्या स्नायूला त्याचा जास्त उपयोग. कोरडेपणासाठी त्या २० सेकंदांत पापण्या पूर्ण मिटायला हव्यात. हळू मिटा, क्षणभर तशाच ठेवा, अगदी किंचित आवळा, उघडा. असं पाच-सहा वेळा. शेजारचा सहकारी हसेल, हसू द्या.

तेलग्रंथींची तोंडं बुजली असतील तर शेक. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला साधारण ४० अंश सेल्सियस ऊब लागते, आणि तीही पाच ते दहा मिनिटं सलग. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून बऱ्याच जणांना शेकाचा गुण येत नाही. रुमाल पुन्हा पुन्हा गरम करा, नाहीतर ऊब धरून ठेवणारी डोळ्यांवरची पट्टी मिळते ती वापरा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी खालच्या दिशेने आणि खालची वरच्या दिशेने हलकेच चोळायची. बुबुळावर दाब देऊ नका.

कृत्रिम अश्रूंचे थेंब आराम देतात. पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, नसलेले घ्या. बाटलीतल्या अनेक थेंबांमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि वारंवार वापरलं की तेच पृष्ठभागाला इजा करतं. लाली घालवणारे थेंब ही तर निव्वळ धूळफेक. ते रक्तवाहिन्या आवळतात, परिणाम ओसरला की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. स्टिरॉइडचे थेंब कुणाच्या सांगण्यावरून मनाने घालू नका, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. ओमेगा-३च्या गोळ्यांचं म्हणाल, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोजच्या ३ ग्रॅम ओमेगा-३ने वर्षभरात ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा काही जास्त फरक पडला नव्हता.

एवढ्याने भागलं नाही, तर दाह आटोक्यात आणणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बूच बसवण्याचीही सोय आहे. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्याकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या आणि तपासणीच्या आधी दोन-तीन तास डोळ्यांत काही घालू नका.

एका परिस्थितीत मात्र यातलं काहीच करत बसायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा एक डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दिसायला कमी आलं, तर तो कोरडेपणा समजू नका, बुबुळाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. लेन्स काढायची, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठायचं आणि काढलेली लेन्स डबीसकट सोबत न्यायची. जंतू कुठला आहे हे शोधायला ती त्यांना लागते.